प्रतिसाद : जिनिव्हा करार नुसते कागदावर?

वर एकांनी लिहिलंय, "रेडक्रॉस म्हणजे पुरात चादरी वाटणारे, लढाईत त्यांना कोण विचारतो?" राग समजतो, पण हे मला पटत नाही.

आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. खानापूर, चंदगडकडच्या किती घरांतली पोरं फौजेत आहेत! अशा घराला सगळ्यात जास्त छळतो तो प्रश्न एकच: माणूस जिवंत आहे का? युद्धकैद्यांना कसं वागवायचं हे ठरवणाऱ्या १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं ७०वं कलम नेमकं यासाठीच आहे. पकडलेल्या सैनिकाला छावणीत पोचल्यापासून फार तर आठवड्याभरात घरी आणि रेडक्रॉसच्या जिनिव्हातल्या शोध-कार्यालयाला कार्ड लिहू दिलंच पाहिजे. त्यात तो कुठं आहे, तब्येत कशी आहे, एवढंच. पुढं महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं. ज्या आईला ते कार्ड मिळतं, तिला विचारा ते नुसता कागद आहे का.

सामान्य नागरिकांसाठी चौथा करार आहे. दवाखान्यात जखमी शत्रूसैनिक झोपलेत, एवढ्या कारणानं दवाखान्याचं संरक्षण जात नाही. तिथून खरोखर लढाई चालली असेल तरी आधी इशारा आणि वाजवी मुदत द्यावी लागते.

हे नियम सर्रास मोडले जातात, मान्य. पण नियम आहे म्हणूनच तर आपण मोडणाऱ्याला जाब विचारू शकतो. आणि भारताने १९६०मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केलाय. गंभीर उल्लंघनाला त्यात शिक्षा आहे.