‘अ‍ॅट-रिस्क यूथ’ला मराठीत काय म्हणायचं?

एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. शाळा सुटायच्या बेतात असलेल्या किंवा सुटलेल्या मुलामुलींना अभ्यासात मदत आणि जोडीला कामाचं ट्रेनिंग असा कार्यक्रम आहे. बाकी सगळं जमलं पण ‘अ‍ॅट-रिस्क यूथ’पाशी गाडी अडलीय. आधीच्या मसुद्यात कोणीतरी चक्क ‘धोकादायक तरुण’ लिहून ठेवलंय :( ‘जोखीमग्रस्त युवक’ चालेल का? शिवाय ड्रॉपआउट, अप्रेंटिसशिप, स्टायपेंड, मेंटॉर यांनाही शब्द हवेत. पत्रक पालक वाचणार आणि मुलंही वाचणार, त्यामुळे शासकीय परिपत्रकाची भाषा नकोय.

*

‘धोकादायक’ आधी खोडा! त्या मुलांना धोका आहे, त्यांच्यापासून नाही.

‘जोखीमग्रस्त’ही मला पटत नाही. पूरग्रस्त म्हणजे ज्याच्या घरात पाणी शिरून गेलं तो, कर्जग्रस्त म्हणजे ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो, म्हणजे ‘ग्रस्त’ लावलं की गोष्ट घडून गेलेली असते. इथे मुद्दाच हा की अजून घडलेलं नाही आणि घडू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप. कायद्याच्या भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात ते बरोबर आहे, कारण तिथे मुलावर गुन्ह्याचा आळ आलेला असतो किंवा तो सिद्ध झालेला असतो. तुमच्या पत्रकातली सगळी मुलं काही त्यातली नाहीत.

*

मग पूरप्रवण, अपघातप्रवण म्हणतो तसं ‘गळतीप्रवण’? व्याकरणाने अचूक बसतं.

*

व्याकरणाने बसेल हो, पण अपघातप्रवण वळण म्हटलं की दोष वळणाचा असतो. गळतीप्रवण मुलगा म्हटलं की शाळा सोडायची खोड त्याच्या अंगातच आहे असं वाटतं. घरी धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नाही, दर वर्षा-दोन वर्षांनी बिऱ्हाड हलतं, शिकवायची भाषा घरच्या भाषेहून वेगळी, यात त्याचं प्रवण काय आहे?

इंग्रजीतही यावरून वाद झालेत बरं का. अमेरिकेत १९८३ साली शिक्षणावरचा जो गाजलेला सरकारी अहवाल आला त्याच्या नावात ‘अ‍ॅट रिस्क’ होता तो देश, पुढे मात्र हे विशेषण सरसकट मुलांना चिकटलं. कॅलिफोर्नियाने तर कायदा करून २०२० पासून आपल्या शिक्षण आणि दंड संहितांमधून ‘अ‍ॅट-रिस्क’ काढून ‘अ‍ॅट-प्रॉमिस’ घातलं. वाचल्यावर पहिला विचार आला की अरे हा तर आपला ‘होतकरू’!

*

होतकरू छानच शब्द आहे पण त्याच्या पाठीला ‘गरीब’ आणि ‘हुशार’ बांधलेले असतात. ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप’ म्हटलं की डोळ्यांसमोर पहिल्या बाकावरचा मुलगा येतो. नववीत दोनदा बसलेल्या मुलाला होतकरू म्हटलं तर तो स्वतःच हसेल.

‘वंचित’ फार मोठा शब्द आहे, त्यात अख्खे समाज येतात, आणि आता त्याला राजकीय वासही आहे.

माझं मत, नाम शोधत बसू नका, वाक्य करा. तुमच्याच प्रश्नात ‘शाळा सुटायच्या बेतात असलेल्या मुलामुली’ असं आलंय की! शीर्षकात तेच टाका, आईबापांना एका दमात कळेल. अहवालात छोटा शब्द लागलाच तर ‘गळतीचा धोका असलेले विद्यार्थी’.

*

सुटायच्या बेतात म्हणजे नक्की कधी ते पत्रकात लिहिलंय का? बऱ्याच ठिकाणी शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस मुलगा आला नाही की लक्ष घालतात, म्हणजे १८० दिवसांची शाळा असेल तर १८. यात आजारपणाची रजासुद्धा धरतात, म्हणून त्याला ‘दांडी’ म्हणू नका. दांडी मारणं वेगळं आणि शाळा बुडणं वेगळं. ‘सततची गैरहजेरी’ ठीक आहे.

*

हो, हजेरीचा मुद्दा आहे त्यात, ‘दांडीबहाद्दर’ लिहिणार होते, वाचले :) अजून एक, ‘नीट’ असा शब्द आलाय, तो काय करू?

*

हाहा, तो तसाच ठेवलात तर लोक डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास समजून रांग लावतील. तो शब्द ब्रिटनमधून नव्वदीच्या दशकाच्या शेवटी पसरला, शिक्षणात नाही, नोकरीत नाही, प्रशिक्षणातही नाही अशा तरुणांसाठी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना साधारण १५ ते २४ वयाचे धरते. सरळ ‘ना शाळेत ना कामावर’ लिहा. फक्त त्याला ‘बेकार’ म्हणू नका, आकडेवारीत बेकार म्हणजे जो काम शोधतोय तो, आणि या मुलांतले कित्येक जण शोधायचंही सोडून दिलेले असतात, किंवा मुली घरकामात अडकलेल्या असतात.

*

ड्रॉपआउटला ‘गळती’ हा शब्द आकडेवारीपुरता ठेवा. एकेका मुलाबद्दल बोलताना ‘त्याची शाळा सुटली’ असंच म्हणतात. ‘शाळा सोडली’ म्हटलं की त्याने ठरवून सोडली असा अर्थ निघतो, तेव्हा जपून. ‘शाळाबाह्य’मध्ये कधी शाळेत गेलेच नाहीत तेही येतात.

अप्रेंटिसला कायद्यातला शब्द ‘शिकाऊ उमेदवार’. जुन्या पिढीत ‘उमेदवारी करणं’ म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राबून काम शिकणं, पण आज नुसतं उमेदवारी म्हटलं की निवडणुकीचा फॉर्मच आठवतो, म्हणून ‘शिकाऊ’ सोडू नका. स्टायपेंडला ‘विद्यावेतन’, यात शंका नाही. शिष्यवृत्ती लिहिलंत तर गुणांची अट आहे असं वाटून निम्मे अर्जच करणार नाहीत.

तुमच्या कार्यक्रमात राहायची सोय आहे का? अमेरिकेतला जॉब कोअर हा तरुणांना काम शिकवणारा सरकारी कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे, १६ ते २४ वयोगट, आणि तिथे बहुतेक मुलं केंद्रातच राहून शिकतात. तसं असेल तर ‘निवासी’ हा शब्द पहिल्या ओळीत हवा, पालक आधी तेच विचारणार.

*

निवासी नाहीये, अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस वर्कशॉप. मेंटॉरचं राहिलं. ‘मार्गदर्शक’ लिहिलं तर परीक्षेचं गाईड वाटतं.

*

‘पाठीराखा’ म्हणून बघा. तो जर दर आठवड्याला भेटणारा, घरी फोन करणारा, साहेबाशी वाजलं तर मध्ये पडणारा माणूस असेल तर हाच शब्द लागू आहे. फक्त शिकवणार असेल तर ‘ताई-दादा’ पुरे, मुलं तसंही तेच म्हणणार.