पावसाळी भटकंतीसाठी कॅमेऱ्याचं काय काय सामान घ्यावं? बजेट २५ हजार

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच प्रश्न टाकतोय. माझ्याकडे कॅनन २००डी आहे, सोबत किटमधल्या १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. आतापर्यंत घरचे कार्यक्रम आणि एक हम्पीची ट्रिप, एवढंच काढलंय. यंदा जुलैत नाणेघाट, ऑगस्टमध्ये भंडारदऱ्याला दोन दिवस आणि सप्टेंबरात कास असं ठरवलंय. एसटीने जाणार त्यामुळे जे काही नेईन ते पाठीवरच. दुकानात विचारलं तर १०-१८ वाइड लेन्स घ्या म्हणाले, मित्र म्हणतो ट्रायपॉड आणि एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) घे, धबधबे दुधासारखे येतात, आणि दादा म्हणतो पावसात कॅमेरा नेऊच नको, मोबाईल बास झाला. कॅमेरा आईने साठवलेल्या पैशातून घेतलाय, तो भिजून बिघडला तर परत घेणं जमणार नाही, म्हणून जास्त टेन्शन आहे. ज्यांनी पावसात खरंच फोटो काढलेत त्यांनी सांगा प्लीज.

कातळकडा:
१०-१८ लेन्स चांगली आहे, वाईट म्हणणार नाही, पण तुमच्या या तीन ट्रिपसाठी तो पहिला खर्च नाही. पावसात घाटमाथ्यावर उभं राहून लेन्स बदलणं म्हणजे कॅमेऱ्याचं दार उघडून आत ढग घेणं. मी एकदा नाणेघाटातच धुक्यात लेन्स बदलली, पाच-सात सेकंदांचं काम, पण आत ओल गेली आणि घरी येऊन पाहिलं तर प्रत्येक फोटोत उजवीकडे वर एक धुरकट डाग. तेव्हापासून नियम एकच, सकाळी घरून निघताना जी लेन्स लावली तीच संध्याकाळपर्यंत. तुम्ही १८-५५ लावून जा.

पैसे आधी कशावर घालायचे तर हूड आणि सीपीएल. कॅननच्या या लेन्ससोबत हूड मिळत नाही, वेगळा घ्यावा लागतो, १८-५५ ला ईडब्ल्यू-६३सी आणि ५५-२५० ला ईटी-६३. पावसात हूड म्हणजे काचेवरचं छप्पर, तो नसेल तर दर दोन फोटोंनी काच पुसत बसाल. सीपीएल म्हणजे पोलरायझर, ओल्या पानांवर आणि कातळावर जी पांढरी चकाकी येते ती तो कापतो आणि खालचा हिरवा रंग बाहेर येतो, हे नंतर मोबाईलवर एडिट करून मिळत नाही. तुमच्या दोन्ही लेन्सचा फिल्टरचा आकडा ५८ आहे त्यामुळे एकच सीपीएल दोन्हीला चालेल. १०-१८ घेतली असती तर तिचा ६७, म्हणजे फिल्टर परत वेगळा.

धबधब्यांबद्दल, नाणेघाटात ट्रायपॉड न्यायचा विचारच सोडा. तिथे वारा खालून वर येतो, पाणी उलटं उडतं, ट्रायपॉड थरथरतो आणि स्लो शटरला, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की, त्या उलट्या पाण्याचा नुसता धूसर पडदा येतो. तिथे १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा, लागेल तेवढा आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवा, थेंब वर जाताना दिसले तरच तो उलटा धबधबा वाटतो. धुक्यात कॅमेरा हमखास फसतो आणि फोटो करडा काढतो म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, +२/३ किंवा +१ वर ठेवा. भंडारदऱ्याला रंधा धबधब्यापाशी मात्र हलका ट्रायपॉड कामाला येईल आणि तिथेही एनडी लगेच लागेल असं नाही, ढगाळ संध्याकाळी आयएसओ १००, एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान) आणि सीपीएल एवढ्यावरच शटर बरंच खाली येतं.

पाण्यापासून वाचवायला महागडं रेनकव्हर नको. जाड पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, तिला हूडएवढं भोक पाडून हूडवर रबरबँडने घट्ट, मागून हात आत. आणि एक जुना सुती पंचा, बॅगेत नाही, गळ्यात. झूम करताना लेन्सची जी नळी पुढे येते तिच्यावर थेंब बसतात, आणि तशीच आत ओढली की ते थेंब लेन्सच्या पोटात जातात, बहुतेकांचा कॅमेरा इथेच बिघडतो. आधी पंचाने नळी टिपायची, चोळायची नाही, मगच आत घ्यायची. काचेला मात्र पंचा लावू नका, तिला मायक्रोफायबरच.

बॅगेचं रेनकव्हर पाठीकडून उघडं असतं, पाणी पाठीवरून ओघळून आत जातं. बॅगेच्या आत मोठी कचऱ्याची काळी पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात.

गिरगावकर:
माझं मत थोडं वेगळं. २५ हजारात सेकंडहँड का होईना पण सीलवाली बॉडी (सांध्यांतून पाणी आत जाऊ न देणारा कॅमेरा) शोधा, कॅनन ७डी मार्क २ वगैरे, मग पावसाची चिंताच नको.

कातळकडा:
@गिरगावकर बॉडीला सील असून लेन्सला नसेल तर फायदा अर्धाही नाही, पाणी माउंटजवळून (लेन्स बसते ती जागा) आणि झूमच्या नळीतून जातं आणि या दोन्ही लेन्सना सील नाही. म्हणजे बॉडीसोबत लेन्सही बदलायची, तिथे २५ हजार पुरत नाहीत. शिवाय ती बॉडी २००डीच्या जवळपास दुप्पट वजनाची, एसटीने जाऊन पुढे चालायचं असेल तर खांद्याला जाणवतं.

सोनकी:
कासबद्दल मी सांगते, दरवर्षी जाते. तिथे ५५-२५० लावा. ती ८५ सेंटीमीटरवरून फोकस घेते आणि २५० वर ठेवली की बारीक फूलही छान भरतं, वेगळी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून काढायची) पहिल्या वर्षी तरी घेऊ नका. सीतेची आसवं ही फुलं नखाएवढीसुद्धा नसतात, ती आणि गेंदाची फुलं शेजारीशेजारी दिसतात, त्यासाठी खाली वाकावं लागतं. तुमच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन फिरतो, तो उघडून कॅमेरा जमिनीलगत धरा, झोपायची गरज नाही. जुन्या जीन्सच्या पायाची छोटी पिशवी शिवून तिच्यात थर्माकोलचे मणी भरा, वजन काही नाही आणि वाटेच्या कडेला ठेवून कॅमेरा तिच्यावर टेकवता येतो.

ट्रायपॉड तिथे उघडूच नका ही कळकळीची विनंती. जांभ्यावर मातीचा अगदी पातळ थर आहे, त्यावरच सगळी फुलं उभी असतात, एक पाय रोवला तरी तिथलं सगळं चिरडतं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात कास आहे आणि तरीही दर सीझनला फुलांमध्ये बसून फोटो काढणारे दिसतात, फार वाईट वाटतं. आखलेल्या वाटेवरूनच काढा, २५० मिलिमीटरमुळे ते जमतं. आणि ऑनलाइन बुकिंग करून सकाळचा पहिला स्लॉट घ्या, नंतर वारा सुटतो आणि फुलं स्थिर राहत नाहीत.

पाऊलवाट:
कातळकडा दादा, सोनकी ताई, खूप खूप आभार, हे दुकानात कुणीच सांगितलं नसतं. एक शंका राहिली, लेन्सला लागणाऱ्या बुरशीबद्दल वाचून घाबरलोय. आमचं घर तळमजल्यावर आहे, पावसात कपाटातल्या कपड्यांनाही वास येतो. ड्राय कॅबिनेट (कॅमेरा कोरडा ठेवणारं कपाट) घ्यावंच लागेल का? तांदळाच्या डब्यात ठेवलं तर चालेल का?

सोनकी:
तांदूळ नको, ओल फारशी ओढत नाही आणि त्याची पिठूळ भुकटी लेन्समध्ये जाते. कॅबिनेटही लगेच नको. भांड्याच्या दुकानात झाकणाला रबर असलेला मोठा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा मिळतो, त्यात केशरी सिलिका जेलची पुरचुंडी आणि एक छोटा हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा) ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे, ६०च्या वर बरेच दिवस राहिला तर बुरशीला आमंत्रण, आणि अगदी २०वर नेऊन ठेवणंही लेन्समधल्या रबराला बरं नाही. जेल हिरवं पडलं की लोखंडी तव्यावर मंद आचेवर परत केशरी होईपर्यंत भाजायचं, तो तवा मग स्वयंपाकाला वापरायचा नाही.

माझी ५० मिलिमीटर अशीच गेली. भंडारदऱ्याहून आले, दमले होते, कॅमेरा बॅगेतच ठेवून बॅग कपाटात. गणपतीत बाहेर काढला तर टॉर्चच्या उजेडात आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. साफ करून घेतली पण बुरशीने कोटिंग खाल्लं होतं, समोरून ऊन आलं की फोटो अजूनही फिकट येतो. लेन्सपेक्षा बॅगेचा फोम जास्त ओल धरतो, म्हणून घरी आल्या आल्या सगळं बाहेर काढा, रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि सकाळी डब्यात. हेअर ड्रायर मारू नका.

कातळकडा:
+१. आणि दादा मोबाईल म्हणतोय ते अगदीच चूक नाही. पाऊस आडवा मारायला लागला की कॅमेरा पिशवीत आणि मोबाईल बाहेर, फक्त मोबाईल वॉटरप्रूफ आहे ना ते आधी बघा. ओल्या बोटाने स्क्रीन ऐकत नाही तेव्हा आवाजाच्या बटणाने फोटो काढा.

पाऊलवाट:
दोन्ही हूड आणि ५८चा सीपीएल आज ऑर्डर करतो, डबा आणि जेल रविवारी आणतो, पंचा आजोबांचा आहेच. बरेच पैसे उरतायत, त्याचं काय करू?

कातळकडा:
एक जादाची बॅटरी घ्या, एलपी-ई१७, ओरिजिनलच. बाकी कासहून परत येईपर्यंत हात लावू नका. सप्टेंबरनंतर तुमचेच फोटो उघडून बघा, किती फोटोंत १८ला जागा कमी पडली आणि किती फोटोंत २५०ला फूल लहान आलं ते मोजा, मग वाइड घ्यायची की मॅक्रो ते इथे परत विचारा.