जुन्या कंप्रेसरची टाकी: तुम्ही काय केलंत?

पंप कामातून गेला तरी टाकी उरतेच, आणि जाड पत्रा, चाकं, तयार आटे बघून ती भंगारात टाकवत नाही. तुमच्या टाकीचं पुढे काय झालं? अर्धवट सोडलेले प्रयोगही चालतील.

*

मी जोडटाकी केली, म्हणजे चालू कंप्रेसरला जादा साठा म्हणून जोडली. स्प्रे गन चालवताना हवा कमी पडायची. आता मोटर उशिरा सुरू होते, पण एकदा सुरू झाली की जास्त वेळ चालते. साहजिकच आहे, साठा वाढला तरी पंप तोच.

जोडण्याआधी पाण्याने तपासली. टाकी काठोकाठ भरायची, आत हवा अजिबात राहू द्यायची नाही आणि हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा. म्हणजे ८ बारच्या टाकीला १२ बार. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे पत्रा फुटला तरी चिळकांडी उडते, दाब लगेच उतरतो. हीच चाचणी हवेने केली तर टाकीचे तुकडे उडू शकतात. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ड्रेन कॉक (तळाचं पाणी सोडायची तोटी) नवे घातले. पाइप पीव्हीसीचा नको, हवेच्या दाबाने फुटला की त्याच्या ठिकऱ्या होतात.

*

वरच्याला पुरवणी. चाचणी पास झाली म्हणजे टाकी आज टिकली, एवढंच. हवेतल्या वाफेचं पाणी तळाशी साचतं आणि गंज आतून खातो. बाहेरचा रंग तसाच चकचकीत. माझ्या टाकीत ड्रेनच्या भोकातून बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घातला तर तळाला पापुद्रेच पापुद्रे. हवेचा विचार तिथेच सोडला आणि कापून शेकोटी केली. आत तेलाचा थर असतो, म्हणून आधी डिटर्जंटने धुऊन सगळी तोंडं उघडी ठेवली, मगच ग्राइंडर लावला. रंग पूर्ण खरवडून काढा, नाहीतर पहिल्या जाळाला धूर नाकात जातो.

*

माझ्या टाकीला तळाशी सुईएवढं भोक आहे. वेल्डिंगचा एक टिपका मारून हवेसाठी वापरू का?

*

अजिबात नको! भोक पडलंय म्हणजे आजूबाजूचा पत्राही झिजलाय. एम-सीलने तर नाहीच नाही.

*

अशीच भोकाची टाकी मी व्हॅक्यूमसाठी वापरतोय, व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चिकटवायला. तिथे बाहेरून फार तर १ बार दाब येतो. भोकावर इपॉक्सी लावलं, पुरलं. मात्र मोठा पोचा असलेली टाकी घेऊ नका, ती आत चेपू शकते.

*

माझं सगळ्यात आळशी काम. वर फळी बसवली, झालं स्टूल. चाकं होतीच. फक्त टाकीला अंगठा जाईल एवढं भोक पाडून ठेवलंय, म्हणजे उद्या कुणी फळी काढून त्यात हवा भरायला जाणार नाही.