कॉकपिटमध्ये एकाच वेळी अनेक इशारे वाजले, तर वैमानिक आधी कशाकडे पाहतो?

बिरसीचा शेजारी:
नमस्कार मंडळी. आमचे गाव गोंदिया जिल्ह्यात बिरसी विमानतळाजवळ आहे. तेथील प्रशिक्षणाची लहान विमाने धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालत असतात, त्यामुळे मी ज्या जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो, तेथील मुलांच्या डोक्यात विमानाचे प्रश्न सतत असतात. मोठ्या प्रवासी विमानात बिघाड झाला की कॉकपिटमध्ये दिवे लागतात, घंटा वाजते आणि यंत्र बोलतेही, एवढे मी सांगू शकलो. मात्र चार बिघाड एकदम झाले तर आधी कोणता हाताळायचा, हे यंत्र ठरवते की माणूस? आणि एका मुलीने विचारले की विमान डोंगरावर आदळणार आहे, हे यंत्राला अंधारात कळते तरी कसे? या मुलांना उडवाउडवीचे उत्तर द्यायचे नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

तुमसरकर:
सर, मी प्रवासी विमानांच्या देखभालीच्या कामातून निवृत्त होऊन आता तुमसर तालुक्यात शेती पाहतो. ठरवतात दोघेही, परंतु यंत्राने कोणत्या क्रमाने बोलायचे, हे विमान बांधतानाच ठरवून ठेवलेले असते.

लाल इशारा म्हणजे वैमानिकाने तत्काळ कृती करायची. पिवळसर केशरी म्हणजे बिघाडाची तत्काळ दखल घ्यायची, कृती थोडी नंतर केली तरी चालते. त्याखाली केवळ माहितीच्या सूचना येतात. एअरबसमध्ये लाल इशाऱ्याला सतत वाजत राहणारी घंटी असते आणि केशरी इशाऱ्याला एकच टोला, म्हणजे पडद्याकडे पाहण्याआधीच गांभीर्य कानाला कळते. एअरबसच्या या यंत्रणेला ईकॅम आणि बोइंगच्या यंत्रणेला आयकास म्हणतात. एका बिघाडामुळे दुसऱ्या चार यंत्रणा बंद पडल्या, तर ईकॅम मूळ बिघाड चौकटीत दाखवते, त्याच्या परिणामांची वेगळी नोंद करते आणि करावयाची कृती ओळीने पडद्यावर मांडते.

तथापि मुलांना आवर्जून सांगावे असे काही असेल, तर ते हे की चांगल्या इशारा यंत्रणेला गप्प राहणेही शिकवलेले असते. धावपट्टीवर विमानाचा वेग ८० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे १५० किलोमीटरच्या पुढे गेला, की एअरबसचे ए३२० विमान १५०० फूट उंची गाठेपर्यंत अनेक कमी महत्त्वाचे इशारे रोखून धरते. पुढे व्ही-१ नावाचा वेग येतो. तो ओलांडल्यावर उरलेल्या धावपट्टीत विमान थांबेल याची खात्री नसते, म्हणून उड्डाण पुढे न्यायचे असते, आणि अशा क्षणी एखाद्या पंपाच्या बिघाडाची घंटी वाजली तर वैमानिक दचकून ब्रेक लावण्याचा धोका त्या बिघाडापेक्षा मोठा असतो. बोइंग ७७७ मध्ये तर इंजिनाच्या आगीची घंटाही व्ही-१ नंतर थोडा वेळ रोखलेली असते, कारण एका इंजिनावर विमान वर चढू शकते आणि आग विझवण्याचे काम थोडी उंची गाठल्यावरच हाती घ्यायचे असते.

आता त्या मुलीचा प्रश्न, जो मला फार आवडला. अमेरिकेत डॉन बेटमन या अभियंत्याने जमिनीच्या जवळिकीचा इशारा देणारी यंत्रणा विकसित केली. विमानातून खाली रेडिओ लहरी सोडायच्या, त्या परत येण्यास लागलेल्या वेळेवरून जमिनीपासूनची उंची मोजायची आणि ती धोकादायक वेगाने घटत असेल तर ‘पुल अप’, म्हणजे ‘वर खेचा’, असे ओरडायचे, अशी तिची पद्धत होती. डिसेंबर १९७४ मध्ये व्हर्जिनियातील डोंगरावर एक विमान आदळून ९२ जण दगावले आणि त्यानंतर अमेरिकेत ही यंत्रणा सक्तीची झाली. तिचा दोष असा की ती फक्त खाली पाहत होती, त्यामुळे समोर एकदम उभा चढ आला तर इशाऱ्याला उशीर होई. १९९५ मध्ये कोलंबियात काली शहराजवळ इशारा मिळाला, वैमानिकांनी विमान वर खेचले, तरीही डोंगर चुकला नाही. १९९० च्या दशकातच बेटमन यांच्या चमूने जगाच्या भूरचनेचा नकाशा यंत्रात भरला. विमान नेमके कोठे आहे हे उपग्रहांवरून कळते आणि पुढचा डोंगर नकाशातून, म्हणून सुधारित यंत्रणा सुमारे एक मिनिट आधी सावध करू शकते. अंधार असो वा ढग, तिला डोळ्यांनी पाहावेच लागत नाही.

ऊर्जानगर:
मी चंद्रपूरकडच्या औष्णिक वीज केंद्रात नियंत्रण कक्षात काम करतो. वीजनिर्मितीचा संच ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की अलार्मच्या खिडक्या, म्हणजे फलकावरील दिव्यांच्या चौकटी, एकदम लुकलुकू लागतात, म्हणून सर्वांत पहिला अलार्म कोणता आला हे वेगळे दाखवण्याची सोय आमच्याकडे असते. कारण बहुधा तेथेच सापडते. विमानातही पहिल्याला मान असतो का?

तुमसरकर:
नाही भाऊ, तेथे मान सर्वांत घातक संकटाला असतो. वीज संच बंद करून कारण शोधता येते, विमान हवेत थांबवता येत नाही. दुसरे विमान आडवे येत असल्याचे सांगणारी टीकॅस यंत्रणा ‘खाली जा’ म्हणत असताना जमिनीचा इशारा सुरू झाला, तर टीकॅसची आज्ञा दाबली जाते आणि जमिनीचा आवाजच ऐकू येतो. जमिनीपासून सुमारे १००० फुटांच्या खाली तर टीकॅस वर-खाली जाण्याची आज्ञाच देत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण दगावले, त्यानंतर आपल्या देशात ही यंत्रणा सक्तीची करण्यात आली.

बिरसीचा शेजारी:
दोघांचेही मनापासून आभार. मग एक प्रश्न उरतो आणि तो मुले नक्की विचारतील. यंत्रे इतकी जागरूक असताना २०१० साली मंगळूरचा अपघात का झाला?

हिंगणघाटची सहवैमानिक:
सर, मी सहवैमानिक आहे आणि हा प्रश्न आम्हाला प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा विचारला जातो, म्हणून उत्तर देते. मंगळूरला विमान उतरताना फार उंचावर होते. जमिनीच्या यंत्रणेने अनेकदा इशारे दिले, सहवैमानिकानेही उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास तीनदा सुचवले, तरी कॅप्टनने उतरणे सोडले नाही, असे चौकशी अहवालात नोंदले आहे. १५८ जण गेले, ८ वाचले. यंत्रणा आपले काम चोख करत होती. म्हणूनच आम्हाला सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, ‘पुल अप’ ऐकल्यावर कारण शोधत न बसता हात आधी हलवायला शिकवतात. रात्री किंवा ढगात तर चर्चेला जागाच नसते.

मात्र दरवेळी दोष माणसाचाच असतो, असे मुलांना सांगू नका. २००५ मध्ये सायप्रसहून ग्रीसकडे निघालेल्या हेलिओस या विमान कंपनीच्या बोइंग ७३७ मध्ये केबिनमधील हवेचा दाब राखला जात नव्हता आणि त्याचा भोंगा वाजला. तोच भोंगा जमिनीवर असताना उड्डाणाआधीची विमानाची तयारी चुकल्याचेही सांगतो. वैमानिकांनी तो दुसरा अर्थ धरला, प्राणवायूअभावी ते बेशुद्ध झाले आणि १२१ जण गेले. दोन वेगळ्या संकटांना एकच आवाज देणे हा रचनेचा दोष होता आणि पुढे त्यांसाठी वेगळे दिवे बसवले गेले.

२००९ मध्ये अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या विमानात तर यंत्राचा तर्कच उलटा भासला. पंखांची उचल संपल्याचा, म्हणजे स्टॉलचा, इशारा वाजत होता. पण मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला की यंत्र त्या नोंदी अविश्वसनीय मानून गप्प होई, आणि नाक खाली घेण्याची योग्य कृती झाली की वेग पुन्हा मोजला जाऊन इशारा परत सुरू होई. बरोबर केल्यावर आवाज आणि चूक केल्यावर शांतता, अशा स्थितीत रात्रीच्या ढगात माणसाने काय समजावे? २२८ जण गेले. तुमसरकर काकांनी गप्प राहण्याविषयी लिहिले ते खरेच आहे. पण गप्प कधी राहायचे हा नियम चुकला, तर काय होते तेही मुलांना कळले पाहिजे.

बिरसीचा शेजारी:
ताई, हे सर्व मी वर्गात वाचून दाखवणार आहे. शेवटचे एकच विचारतो: आवाजाचा त्रास होऊ लागला तर वैमानिक तो बंद करू शकतो का?

हिंगणघाटची सहवैमानिक:
बहुतेक इशाऱ्यांचा आवाज समोरचे दिव्याचे बटण दाबून थांबवता येतो आणि तो थांबवावाच लागतो, नाहीतर दोघा वैमानिकांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. संदेश मात्र पडद्यावर राहतो. वेगमर्यादा ओलांडल्याचा आणि स्टॉलचा इशारा मात्र त्या बटणाने थांबत नाही. विमानाचा वेग किंवा नाकाचा कोन सुधारला, तरच तो थांबतो.