'इंजिनात बिघाड' आणि 'एकटा वैमानिक'

विचारणा: लहान विमानांच्या प्रशिक्षणाचं एक टिपण मराठीत करतोय. विषय असा, की सिंगल पायलट असताना हवेत इंजिनाने दगा दिला तर काय करायचं. 'सिंगल पायलट'ला 'एकटा वैमानिक' चालेल का? शिवाय 'इंजिन फेल्युअर' असो की 'रफ रनिंग' (इंजिन चालू, पण अडखळत), बातम्यांत सरसकट 'इंजिनात बिघाड' छापतात. तेच ठेवू?

प्रतिसाद: 'एकटा' नको. एकटा म्हणजे सोलो, विमानात दुसरं कुणीच नाही. सिंगल पायलट म्हणजे चालवणारा एक. मागे प्रवासी गप्पा मारत बसलेले असू शकतात. सरळ 'एकच वैमानिक' लिहा. 'एकवैमानिकी' वगैरे घडवायला जाऊ नका, वाचणाऱ्याची जीभ इंजिनाच्या आधी बंद पडेल.

प्रतिसाद: 'बिघाड'ही नको. वैमानिकाला त्या घटकेला एवढंच कळायला हवं असतं, की इंजिन अजून ओढतंय की नाही. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

सेस्ना १५२ हे एका इंजिनाचं छोटं प्रशिक्षण विमान घ्या. इंजिन बंद पडलं की आधी वेग ६० नॉटवर धरायचा, मग उतरायला जागा हेरायची. उंची हाताशी असेल तर पुन्हा सुरू करून बघायचं: कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा), इंधनाचा कॉक, मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), मॅग्नेटो (ठिणगी देणारा), प्रायमर (इंजिन सुरू करताना इंधन देणारा हातपंप). वारा नसेल तर हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल तरंगत जाता येतं. शेजारी चेकलिस्ट वाचून दाखवायला कुणी नाही, म्हणून हा क्रम तोंडपाठ लागतो. कागद नंतर, वेळ उरला तर. रेडिओवर बोलणंही विमान ताब्यात आल्यावरच.

इंजिन चालू आहे पण मिसिंग मारतंय (गॅरेजमधला हाच शब्द इथे चपखल बसतो), तर प्रकरण वेगळं. दमट हवेत कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो, बाहेर २० अंश असले तरी. कार्ब हीट ओढली की वितळलेलं पाणी आत जातं आणि इंजिन थोडा वेळ आणखीच आचके देतं. नवखा इथे घाबरतो आणि हीट परत बंद करतो, म्हणजे नेमकं उलटं. अशा ठिकाणी 'बंद पडले' लिहिलंत, तर वाचणारा लगेच खाली शेत शोधायला लागेल.

प्रतिसाद: रेडिओवर हा फरक आहेच की. 'पॅन-पॅन' म्हणजे तातडी, 'मेडे' म्हणजे जिवावरचं संकट. दोन्ही तीनतीनदा म्हणायचे. गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ फ्रेंचमध्ये सांगतात आणि त्यातल्या 'पॅन'चा अर्थ बिघाडच! तेव्हा 'बिघाड' अगदीच टाकू नका, पॅन-पॅनच्या पातळीला राहू द्या.

प्रतिसाद: जेटसाठी 'विझलं' चांगलं. फ्लेमआउट म्हणजे आतली ज्योतच विझणं. कारगिल युद्धात २७ मे १९९९ रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं तेच झालं. एक आसन, एक इंजिन. रॉकेटं डागल्यानंतर ते विझलं, पुन्हा पेटवायचा प्रयत्न फसला आणि त्यांना इजेक्ट व्हावं लागलं. सेस्नाच्या पिस्टन इंजिनाला मात्र 'विझलं' लावू नका, कानाला खटकतं.

विचारणा: दोन इंजिनांचं विमान असेल तर?

प्रतिसाद: तिथे 'बंद पडलं' आणि 'बंद केलं' यांत गल्लत नको. बिघडलेलं इंजिन वैमानिक मुद्दाम बंद करतो आणि त्याचा पंखा फेदर करतो, म्हणजे पात्यांची धार समोरच्या वाऱ्याकडे वळवतो, नाहीतर तो हवेत नुसता फिरून विमान मागे खेचत राहतो. एकच वैमानिक असताना इथली भीती म्हणजे घाईत चांगलं इंजिन बंद होण्याची. पडताळून बघणारी दुसरी नजर नसते. वाक्यात कर्ता गाळू नका.

विचारणा: मग मथळा असा करतो: 'एकच वैमानिक असताना इंजिन बंद पडल्यास आपत्कालीन लँडिंग'.

प्रतिसाद: 'आपत्कालीन'मध्ये धावपट्टीवर नीट उतरणंही आलं. मिळेल त्या जागी उतरावं लागणं ते फोर्स्ड लँडिंग. 'सक्तीचं' म्हटलं तर लढाऊ विमानांनी घेरून उतरवल्यासारखं वाटतं. मी 'फोर्स्ड लँडिंग'च ठेवेन. इंजिन चालू असताना धोका नको म्हणून उतरतात, त्याला 'खबरदारीचं लँडिंग' चालेल.