आवाज कमी राहतो कुठे?
वर कोणीतरी लिहिलंय की दिवसभर कानात गाणी असली तरी बिघडत नाही, आवाज तेवढा कमी ठेवायचा. पटलं, पण तो कमी राहतो कुठे? सकाळी आवरताना लावलेला आवाज बस-ट्रेनमध्ये ऐकूच येत नाही, मग आपण बटण दाबत सुटतो आणि उतरल्यावर परत खाली आणायचं कोणाच्या लक्षात राहतंय! कामाच्या ठिकाणच्या गोंगाटासाठी ८५ डेसिबलला ८ तास अशी मर्यादा धरतात, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास आणि ९४ ला जेमतेम १. म्हणून प्रवासात मी रबरी टोपीवाले, घट्ट बसणारे इयरफोन वापरते, बाहेरचा गोंगाट अडला की आवाज वाढवावासाच वाटत नाही. रस्ता ओलांडताना मात्र काढायचे हां.