‘सदर्न गॉथिक’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादी: एका दिवाळी अंकासाठी विल्यम फॉकनरच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ (१९३०) या कथेचा अनुवाद केलाय. कथा पार पडली, घोडं अडलंय प्रास्ताविकात. ‘सदर्न गॉथिक’ या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साहित्यप्रकाराला मी ‘दाक्षिणात्य गॉथिक’ लिहिलं, तर संपादकांनी समासात शेरा मारला, ‘वाचक सांबार शोधतील.’ हसू आलं, पण मुद्दा खोटा नाही. मिसिसिपी, जॉर्जिया, अलाबामा, यादवी युद्ध हरूनही पीळ न गेलेली घराणी, वर्षानुवर्षं न उघडलेल्या खोल्या, हे सगळं ज्यात मावेल असं काही सुचवा. आणि ‘गॉथिक’चं काय करू? ‘भयकथा’ म्हणावं तर भूत नाही. ‘रहस्यकथा’ म्हणावं तर वाचक शेवटपर्यंत इन्स्पेक्टरची वाट बघेल.

जुनाट: ‘दक्षिणी’ म्हणा. माणूस दाक्षिणात्य, प्रदेश दक्षिणी. विषय संपला.

बडोदेकर: तुमच्याकडे संपला असेल. बडोद्यात दक्षिणी म्हणजे आम्हीच, मराठी माणसं. शेजारच्या काकू आमच्या वरणाला अजूनही ‘दक्षिणी दाळ’ म्हणतात. त्यामुळे ‘दक्षिणी गॉथिक’ वाचल्यावर मला आमच्याच भाऊबंदकीची गोष्ट वाटेल. (तीही काही कमी गॉथिक नाही, पण इथे नको.)

मूळशोध: आधी मूळ पाहू. दक्षिण म्हणजे उजवा. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती दिशा दक्षिण. प्रदक्षिणा उजवीकडून, दख्खनही त्यातलंच.

अनुवादी: माहिती छान आहे, पण ‘उजवं गॉथिक’ म्हटलं तर लोक मतदारयादी काढतील.

पुस्तककीड: ‘गॉथिक’ तसंच ठेवा. सीएसएमटीच्या इमारतीला आपण व्हिक्टोरियन गॉथिकच म्हणतो, कुणाचं काही बिघडलं नाही.

जुनाट: म्हणूनच नको. वाचकाच्या डोळ्यांपुढे लोकल येईल. आपल्याकडे ‘गूढकथा’ हा शब्द आहे. मतकरींच्या गूढकथा वाचत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. तयार शब्द सोडून परका शब्द डोक्यावर घ्यायची ही कसली हौस?

पुस्तककीड: काका, या कथेत गूढ आहे कुठे? कथा सांगतंय गाव, ‘आम्ही’ म्हणून. वरच्या मजल्यावरची एक खोली चाळीस वर्षं कुणी पाहिलेली नाही, हे त्या ‘आम्हां’ला आधीपासून ठाऊक आहे. घरातून वास यायला लागतो तेव्हा चार पुरुष रात्री गुपचूप जाऊन चुना टाकून येतात, पण घरमालकीण एमिलीबाईंना तोंडावर विचारत कुणी नाही. याला पांघरूण घालणं म्हणतात. आणि हे नाव काही कौतुकानं पडलेलं नाही. १९३५ मध्ये एलेन ग्लासगो या व्हर्जिनियाच्या, म्हणजे दक्षिणेतल्याच लेखिकेनं ‘सदर्न गॉथिक’ हे शब्द वापरले ते नाक मुरडून. तेव्हा मराठी शब्दातही थोडा टोमणा हवा.

बडोदेकर: चुना टाकला ना? लावला नाही?

चिंचगूळ: टोमणा हवा तर ‘कुलंगडी’! कुल म्हणजे घराणं, त्या घराण्याचं जे लंगडं ते कुलंगडं. आमची आजी भावकीतल्या कुणाचं काही बाहेर आलं की ‘निघाली कुलंगडी’ म्हणायची. ‘कुलंगडीकथा’. मला मानधन नको, अंक पाठवा.

जुनाट: व्युत्पत्ती चहा पिता पिता सुचत नसते. दाखला द्या.

चिंचगूळ: आजी हाच दाखला.

अनुवादी: शब्द फक्कड आहे. अडचण अशी की कुलंगडी बाहेर काढणाऱ्याला त्यात मजा येत असते. या कथेतल्या गावालाही येते, हे खरं. पण फॉकनरच्याच ‘ॲब्सलम, ॲब्सलम!’सारख्या कादंबरीला तो शब्द पेलवेल? तिथे बापानं झाकून ठेवलेली गोष्ट पुढे भावाकडून भावाचा खून करवते. अशा घराला कुलंगडीचं घर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अटलांटाकर: विषय निघालाच आहे म्हणून. अनुवादीताई, प्लँटेशनला ‘मळा’ लिहू नका. मळा म्हटला की मोट, विहीर, हुरडा. इकडच्या कापसाच्या प्लँटेशनवर माणसं विकत घेऊन राबवली, लेकरं आयांपासून तोडून विकली. त्यातली काही घरं आज रंगवून लग्नकार्याला भाड्यानं देतात. तिथे ‘मळा’ लिहिणं म्हणजे तीच रंगरंगोटी. आणि त्या घराला ‘वाडा’ही नको. वाडा आत चौकाकडे बघतो, रस्त्याला दाखवतो भिंत आणि दिंडी दरवाजा. हे घर खांब आणि व्हरांडा पुढे काढून येणाऱ्याजाणाऱ्यावर छाप पाडायला उभं असतं. वाड्यात गुपित राहणारच. इथे सगळं दाखवायलाच बांधलंय आणि तरी लपवलंय, गंमत त्यात आहे.

मूळशोध: वाड्याचं पटलं, मळ्याचं नाही. चंपारणातले निळीचे मळेवाले शाळेत वाचले नाहीत का? तो ‘मळेवाला’ हुरडा खाऊ घालणारा नव्हता. जुलूम मराठी मळ्यातही मुरलेला आहे, फक्त ‘मळेकरी’ नका लिहू.

रानवेडा: जी. ए. कुलकर्ण्यांनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, नावं काय दिली? ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. ओहायोतलं जंगल तोडून वसलेली माणसं, पण शब्द आपल्या बांधावरचे. अनुवाद असा करावा.

अटलांटाकर: ओहायोत गुलामगिरीला बंदी होती हो. ‘शिवार’ तिथे शोभतं, मिसिसिपीत नाही.

पुस्तककीड: एक विचारायचं राहिलं. एमिली औषधाच्या दुकानात जाऊन विष मागते, ते मराठीत काय केलंत?

अनुवादी: ‘आर्सेनिक’. का?

जुनाट: हरे राम. सोमल! सोमल हा शब्द असताना?

चिंचगूळ: सोमल आज किती जणांना कळेल? मी तरी आत्ता ऐकला.

जुनाट: कळत नाही म्हणून वापरायचा नाही, आणि वापरायचा नाही म्हणून कळत नाही. भाषा अशीच मरते.

बडोदेकर: इथे भाषेच्या आधी एमिलीचा प्रियकर होमर बॅरन मरतोय, काका.

पुस्तककीड: मला ‘सोमल’च बरा वाटतो. एमिली ते ताठ मानेनं, दुकानदाराकडे रोखून बघत मागते. ‘आर्सेनिक’ म्हटलं की प्रयोगशाळा आठवते. पुडीवर दुकानदार ‘उंदरांसाठी’ असं लिहून देतो, त्याच्याशीही सोमल जुळतो.

मूळशोध: सोमलाचा भाऊबंद हरताळ. तेही आर्सेनिकचंच, गंधकाबरोबरचं, पिवळं. पोथीत चूक झाली की त्यावर ते फासून अक्षर बुजवायचे, त्यावरून ‘हरताळ फासणे’. घराण्याच्या इतिहासावर हरताळ फासणारे लोक, त्यांच्याच गोष्टी ना या? ‘हरताळकथा’ कसं वाटतं?

रानवेडा: वाचक म्हणेल, गिरणी संपाची कथा दिसते.

मूळशोध: संपाचा हरताळ वेगळा. तो हट्ट म्हणजे बाजार, त्याला लागलेला ताळा म्हणजे कुलूप.

जुनाट: हे मात्र बरोबर. मनशीळही त्याच कुळातली, लाल असते.

अनुवादी: मंडळी, अंक छपाईला चाललाय. सध्या ‘अमेरिकेच्या दक्षिणेतली कथा’ एवढंच ठेवलंय, ‘गॉथिक’चं दुसऱ्या प्रुफाला बघू. मळा राहू दिलाय, सोबत ‘गुलामांच्या राबणुकीवर उभा’ असं जोडलंय. सोमल मात्र घेतला.

बडोदेकर: ‘घेतला’ नका लिहू हो ताई, ‘घातला’ लिहा.

जुनाट: आणि कुलंगडीचा दाखला अजून आलेला नाही.